पावाच्या गाडीतून गेलेलं दूध

परास्किवा आमच्याकडे आली तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. कोर्टात नाही, पोलिसांना नाही, सरहद्दीवरच्या सुचावाहून चारशे किलोमीटर तिच्या शेजारी बसून आलेल्या कैदी बाईलाही नाही. नोव्हेंबर होता, अंगात एकावर एक दोन स्वेटर होते, आणि मुळात पोरगी इतकी काटकुळी की स्वेटर काढेपर्यंत मलाही शंका आली नाही.

मी वेतुरिया. बायकांच्या तुरुंगातल्या दवाखान्यात परिचारिका म्हणून त्या साली मला एकोणीस वर्षं झाली होती. नव्याने आलेल्या प्रत्येकीची पहिली तपासणी माझ्याकडे असते. मी तिला काट्यावर उभं केलं, मग पलंगावर आडवं केलं, पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "कितवा?"

"कितवा काय?"

"महिना गं."

ती छताकडे बघत राहिली. "चौथा संपला असेल. लिहू नका ना, सिस्टर."

"का?"

"लिहिलं की सगळ्यांना कळणार. आणि नाहीतरी ते सरकारच नेणार. मग मी कशाला त्याची ओळख वाढवू?"

चोवीस वर्षांची होती. नवऱ्याच्या गाडीतून सरहद्दीपलीकडच्या सिगारेटी आणताना पकडली गेली. खटला उभा राहायच्या आत नवरा इटलीला निघून गेला, तो गेलाच. हिला दोन वर्षं चार महिने. आईला एकदा फोन केला होता, तर आई म्हणाली होती, "मूल घेऊन गावात येऊ नकोस, आधीच तोंड दाखवायला जागा नाही." हे सगळं तिने मला हळूहळू, पुढच्या दोन महिन्यांत सांगितलं. त्या दिवशी फक्त स्वेटर परत चढवले आणि गेली.

मी अर्थातच लिहिलं. लिहिल्याशिवाय तिला खालचा पलंग, रोजचं अर्धा लिटर दूध आणि लोहाच्या गोळ्या कशा मिळणार? आमच्या तुरुंगात मागच्या अंगाला पाच खोल्या आहेत. तिथे आया आपल्या बाळांसोबत राहतात, बाळ वर्षाचं होईपर्यंत. हेही मी तिला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. मुकाट्याने गोळ्या घ्याव्यात म्हणून मी गोड बोलतेय, असं तिला वाटलं.

"आणि वर्षाचं झालं की?"

"ते तेव्हा बघू."

"बघा, म्हणजे नेणारच."

गोळ्या ती बेसिनमध्ये टाकायची. हे पकडलं झाम्फिराने. झाम्फिरा म्हणजे माझ्या दवाखान्यात लादी पुसायला असलेली कैदी, साठीची, मारामुरेशच्या डोंगराकडची, पाच पोरं वाढवलेली. दारू पिऊन मारायला उठलेल्या नवऱ्याच्या डोक्यात तिने लोखंडी कढई घातली होती. नवरा वाचला, पण तिला सहा वर्षं लागली. बेसिनच्या जाळीत अडकलेली गोळी तिने दोन बोटांत धरून परास्किवापुढे नाचवली.

"पोरी, ही तुझ्यासाठी नाहीये. तुझ्या पोटात बसलंय ना, त्याच्यासाठी आहे. दुसऱ्याची वस्तू फेकायची नाही."

"पोट जड होतं मावशी. चार चार दिवस साफ होत नाही."

"तसं सांग ना मग! सुके आलुबुखार देते भिजवून. त्यात एवढं गुपित कसलं?"

आलुबुखार सुरू झाले, गोळ्याही सुरू झाल्या. पहारेकरीण सुल्ताना दारात उभी राहून हे बघायची. उंच बाई, आवाज खणखणीत, जिभेला हाड नाही. म्हणायची, "आलुबुखार, अंडं, दूध! एवढे लाड मला सासरी दोन बाळंतपणांत झाले नाहीत. बाळंत व्हायचं तर तुरुंगातच यावं."

"जागा आहे," झाम्फिरा म्हणाली. "माझ्या शेजारचा पलंग रिकामा आहे, मॅडम."

सुल्ताना हसली नाही, पण तक्रारही केली नाही.

दर गुरुवारी मी पोटुशा बायकांना घेऊन बसायचे. त्या हिवाळ्यात चौघी होत्या. कळ आली की श्वास कसा सोडायचा, बाळाला कसं धरायचं, गुंडाळलेल्या टॉवेलचं बाळ करून मी दाखवायचे. परास्किवा दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, कधीही उठून जायच्या तयारीत. टॉवेल तिने कधी हातात घेतला नाही. जानेवारीत एकदा मी बोलत असताना ती मध्येच "अगं आई!" करून ओरडली. सगळ्या वळल्या. पोटात जोरात लाथ बसली होती. बाकीच्या तिघी हसायला लागल्या, "काय गं, मारकं दिसतंय!" आणि ती पण हसली. हसता हसता हात पोटाकडे गेला तो तास संपेपर्यंत तिथेच राहिला. मी टॉवेलचं बाळ पुढे शिकवत राहिले. बोलले असते तर काढला असता.

फेब्रुवारीत, बत्तिसावा आठवडा चालू असताना, सकाळी दहाच्या सुमाराला शिवणखात्यातून मला बोलावणं आलं. परास्किवा शिलाई मशिनीपुढे उभी होती, पांढरीफटक.

"खुर्ची ओली झालीये, सिस्टर. मी काही सांडलं नाही. खरंच नाही सांडलं."

पाणमोट फुटली होती. आठ आठवडे आधी.

रुग्णवाहिका आली. सोबत जायची पाळी सुल्तानाची होती. तिने परास्किवाच्या हातांत बेड्या घातल्या, आणि दार लागलं. पुढचं मला तिनेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, माझ्या टेबलाच्या कडेवर बसून. इतक्या वर्षांत ती कधी माझ्याकडे बसली नव्हती.

"नियम आहे म्हणून घातल्या. रस्त्यावर खड्डा आला, कळ आली, आणि तिला धरायला काही नाही. हात एकत्र बांधलेले. ती स्ट्रेचरवर अशी लोळत होती, वेतुरिया, पाठीवर पडलेल्या किड्यासारखी. मी म्हटलं, ही पळून जाणार? ही? काढल्या. माझा हात दिला तिला. हे बघ." तिने मनगट दाखवलं. चार निळे डाग होते. "साहेबांना सांगायचं असेल तर सांग."

"काय झालं, मुलगा का मुलगी?"

"मुलगी. एवढीशी." तिने दोन्ही तळहात एकमेकांजवळ आणले, मग अजून थोडे जवळ. "चौदाशे ऐंशी ग्रॅम. रडली मात्र. मांजरासारखी रडली, पण रडली."

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. आईने तिला एकदा पाहिलं, दाराच्या काचेतून. चौथ्या दिवशी आईची प्रकृती ठीक आहे म्हणून तिला सोडून दिलं, म्हणजे आमच्याकडे परत पाठवलं. बाळ तिकडे, चाळीस किलोमीटरवर.

ती परत आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. जेवली नाही. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाली, "ज्यांच्याकडे जाईल ते ठेवतील." त्याच संध्याकाळी तिची छाती दाटून आली. दगडासारखी घट्ट, अंगात ताप. आठवड्यातून दोनदा येणारे आमचे डॉक्टर दूध बंद करायच्या गोळ्या लिहून गेले. त्यांची काही चूक नव्हती. बाळ जवळ नाही, दुधाचं करणार काय? अशा वेळी नेहमी हेच केलं होतं. मीही देत आले होते त्या गोळ्या, किती जणींना ते आठवायला नको.

गोळ्यांचं पाकीट एप्रनच्या खिशात घालून मी तिच्या पलंगाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत परत फिरले. टॉवेलच्या बाळाला धरायला शिकवणारी बाई मी. खऱ्या बाळाचं दूध आटवायला निघाले होते. दवाखान्यात येऊन मी इस्पितळाला फोन लावला. बाळांच्या विभागाची मुख्य परिचारिका ओतिलिया माझ्या ओळखीची नव्हती. आवाजावरून तरुण वाटली, आणि घाईत.

"आईचं दूध? अहो, आम्ही रोज पावडर पातळ करून देतोय आणि देवाचं नाव घेतोय. एवढ्याशा बाळाला आईचं दूध म्हणजे औषध आहे. पाठवा! उकळलेल्या बाटल्या, वर तारीख-वेळ, थंड ठेवायचं, दिवसाच्या आत माझ्याकडे पोचायला हवं. आणि आईच्या रक्ताचे सगळे रिपोर्ट."

"रिपोर्ट आहेत. सगळे चांगले आहेत."

"मग फोनवर काय करताय?"

मी संचालकांकडे गेले. दुम्ब्रावा साहेब वाईट माणूस नव्हता, पण कागदाला देव मानणारा होता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"सिस्टर, या फाटकातून आत येणाऱ्या वस्तूंची माझ्याकडे अकरा पानी यादी आहे. बाहेर जाणाऱ्या वस्तूंत शिवलेल्या चादरी आहेत, कचरा आहे, सुटलेल्या बायका आहेत. दूध नाही."

"दूध चालणार नाही असंही लिहिलेलं नसेल."

त्यांनी खरंच उठून फाइल काढली आणि वाचली. मी उभी. दहा मिनिटांनी म्हणाले, "नाही लिहिलेलं. पण नेणार कोण? रोज गाडी सोडायला माझ्याकडे ना गाडी आहे ना माणूस."

"पावाची गाडी रोज सकाळी साडेसहाला येते. जाताना रिकामी जाते."

पावाच्या गाडीचा चालक गाव्रिल, जाड मिशांचा, सुटलेल्या पोटाचा, सगळ्या जगावर वैतागलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मी त्याला गाठलं. आधी त्याला कळेचना.

"कसलं दूध? गाईचं?"

"बाईचं."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आणि बेकरीत कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग, औषध आहे."

"इस्पितळ माझ्या वाटेवर नाही. दोन गल्ल्या आत जावं लागतं. तिथे गाडी लावायला जागा नसते." मग त्याने रिकाम्या ट्रेंकडे बघितलं. "ट्रेमध्ये नाही ठेवणार. माझ्या शेजारी सीटवर ठेवीन. सांडलं तर मला बोलायचं नाही."

आता फक्त दूध हवं होतं. मी परास्किवाला दवाखान्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती का तेच कळत नव्हतं. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती जिवंत आहे अजून?"

परत आल्यापासून तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी दूध, बाटल्या, संचालक, पाव असं सगळं सांगत बसले होते आणि मूळ गोष्ट सांगायची राहिली होती.

"आहे गं! ओतिलिया सिस्टर म्हणते, बोट धरते."

परास्किवा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. झाम्फिराने तिला रडू दिलं, मग गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं आणलं आणि छातीवर ठेवलं. बडीशेपेचा काढा पाजला. मी हाताने दूध कसं काढायचं ते दाखवलं. अर्धा तास खटपट करून बाटलीच्या तळाला जेमतेम बारा मिलीलिटर जमलं.

परास्किवा बाटली उजेडात धरून बघत राहिली. "एवढंच? एवढ्याने मांजराचं पिल्लू तरी जगेल का?"

"तुझ्या पोरीचं पोट अक्रोडाएवढं आहे," झाम्फिरा म्हणाली. "तिला काय परात भरून देणारेस?"

सकाळी बाटली गेली. फाटकावर सुल्तानाने झाकणावर चिकटपट्टी लावली, सही केली, गाव्रिलने पिशवी सीटवर ठेवली आणि वरून स्वतःचा मफलर गुंडाळला. नऊ वाजता ओतिलियाचा फोन आला. "पोचलं. नळीतून चार-चार मिली देतो आम्ही तिला. तुम्ही तीन वेळचं जेवण पाठवलंत."

हे मी परास्किवाला सांगितलं, तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "उद्या चार वेळचं पाठवते."

इस्पितळाने हातपंप पाठवला. दर तीन तासांनी दूध काढायचं ठरलं, रात्रीसुद्धा. झाम्फिरा बाटल्या उकळायची. रात्रपाळीला सुल्ताना दार वाजवायची आणि ओरडायची, "गवळणबाई, उठा!" लस ठेवायच्या फ्रिजचा खालचा कप्पा मी रिकामा केला. ओतिलिया रोज वजन सांगायची. पहिले काही दिवस ते उतरलं, चौदाशे दहा, तेराशे नव्वद, तसं ते उतरतंच, पण परास्किवाला पटायचं नाही. मग चढायला लागलं. मी आकडा झाम्फिराला सांगायचे, झाम्फिरा कोठडीत, आणि तिथून तो खिडक्याखिडक्यांतून अंगण ओलांडून जायचा. शिवणखात्यात जाणाऱ्या बायका ओरडायच्या, "चौदाशे तीस!" पलीकडून धुणीखात्याच्या बायका, "किती?" "चौदाशे तीस!" ज्यांना परास्किवाचं नावही माहीत नव्हतं त्या वजन विचारायच्या. दुम्ब्रावा साहेबांनी एकदा मला विचारलं, हा काय गोंधळ आहे. मी म्हटलं, बाळाचं वजन आहे. ते चष्मा पुसत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "आज किती?"

बाळाच्या अठराव्या दिवशी फोन आला तो नेहमीच्या वेळेच्या आधी. बाळाचं पोट फुगलं होतं. आतड्याला सूज असावी, असं डॉक्टरांना वाटत होतं. तोंडाने सगळं बंद, सलाईन आणि औषधं चालू. "दूध काढत राहायला सांगा," ओतिलिया म्हणाली. "आम्ही गोठवून ठेवू. बंद करू देऊ नका."

परास्किवाला मी शब्द मोजून सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला. "माझ्या दुधानेच झालं ना?"

"नाही गं. उलट, तुझ्या दुधामुळे ती एवढे दिवस सांभाळली गेली."

पण तोवर कोठडीत कुणीतरी बोलून गेलं होतं. तुरुंगातलं दूध, कसलं कसलं खाऊन केलेलं, ते बाधलं असणार. त्या दुपारी तिने पंपाला हात लावला नाही. संध्याकाळीही नाही. रात्री सुल्तानाने दार वाजवलं तर म्हणाली, "मॅडम, झोपू द्या. मी तिला विष पाजलं." दुसऱ्या दिवशी झाम्फिराने आरडाओरडा करून तिला बसवलं तेव्हा थेंब थेंब आलं, आणि मग तेही थांबलं. छाती मऊ पडली. मी ओळखलं, आता एक-दोन दिवसच हातात आहेत. ते गेले की पान्हा कायमचा गेला.

मी परत संचालकांच्या दारात.

"तिला बाळाकडे न्यायला हवं, साहेब."

"न्यायाधीशांची परवानगी लागते असं नाही, मी देऊ शकतो. डिझेलही देतो. पण दोन माणसं लागतात आणि या आठवड्यात सहाजणी तापाने घरी आहेत. कुणाला पाठवू?"

"रविवारी माझी सुट्टी आहे," मागून आवाज आला. सुल्ताना कागदावर सही घ्यायला आली होती. "मी जाते. दुसरी म्हणून वेतुरिया येईल, तिचा गणवेश वेगळा असला तरी हाताला दहा बोटं आहेत."

"तुला कुणी सांगितलं यात पडायला?"

"कुणी नाही, साहेब. पण रात्री उठून हिचं दार मी वाजवलंय, तीनदा बारा आणि तीनदा तीन वाजता, थंडीत. ते मी फुकट जाऊ देणार नाही."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सही केली.

रविवारी आम्ही निघालो. सुल्तानाने बेड्या कमरेच्या पट्ट्याला लावल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. इस्पितळात ओतिलियाने परास्किवाला हात धुवायला लावले, गाऊन दिला आणि पेटीपाशी नेलं. बाळाच्या पोटाची सूज उतरत होती. नाकात नळी होती, डोक्यावर लिंबाएवढी लोकरी टोपी, आणि पाय इतके बारीक की बघवत नव्हतं.

"ही माझी?"

"कार्डावर तुमचंच नाव आहे. तिचं नाव नाही. मी तिला 'ए बाई' म्हणते, बरं वाटतं का ते?" ओतिलियाने आरामखुर्ची ओढली. "ब्लाउज काढा. बसा."

"मी... मी नको. मोडेल ती."

"एवढे दिवस मोडली नाही, आता मोडेल?"

ओतिलियाने नळ्या सांभाळत बाळाला उचललं आणि परास्किवाच्या उघड्या छातीवर, बरोबर मधोमध, बेडकासारखं पालथं ठेवलं. वरून दुलई घातली. परास्किवाने श्वास रोखून धरला होता. "श्वास घे," मी म्हटलं, "तू घेतलास की तीही घेईल." शिकवण्याची सवय जात नाही. पण खरंच तसंच झालं. पडद्यावर बाळाचे ठोके धावत होते ते हळूहळू सावकाश झाले. गुलाबी गाल आईच्या कातडीला चिकटला, तोंड उघडलं, बंद झालं. एवढासा हात वर सरकला आणि गळ्याजवळ थांबला.

सुल्ताना खिडकीतून बाहेर बघत उभी होती, फार बारकाईने, जणू तिथून कुणी पळून जाणार होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी परास्किवा घाबरून म्हणाली, "सिस्टर, मी ओली झाले." दुलई सरकवून बघितलं तर दोन्हीकडून दूध ओघळत होतं, तिच्या पोटावरून खुर्चीपर्यंत. दोन दिवस आटलेला पान्हा असा फुटला की पंप आणायला ओतिलिया पळत गेली.

"तोंडाने आज नाही देता येणार," ती बाटली धरत म्हणाली, "पण उद्यापासून एक-एक मिलीने सुरू करू. हेच देऊ. आता तरी पटलं, विष नाहीये?"

परास्किवाने मान हलवली. मग बाळाच्या टोपीवर ओठ टेकवून म्हणाली, "स्मारांदा."

"काय?"

"तिचं नाव. माझ्या आजीचं होतं. कार्डावर लिहा."

तेव्हापासून दर रविवारी आणि बुधवारी तिला नेत राहिलो. साहेबांनी त्यासाठी लेखी आदेश काढला आणि त्याच कागदावर दूध बाहेर पाठवायचा नियमही घातला, म्हणजे पुढच्या संचालकाला फाइल वाचत बसायला नको. गाव्रिलने गाडीत थंड ठेवायचा डबा आणला, कुठून ते सांगितलं नाही. मार्च संपेपर्यंत स्मारांदा छातीशी लागून ओढायला शिकली, आधी दोन घोट घेऊन झोपायची, मग पाच, मग आईचाच जीव घ्यायची.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, सत्तेचाळिसाव्या दिवशी, ती आमच्याकडे आली. वजन दोन हजार दोनशे दहा. सुल्तानाने तिला गाडीतून उतरवून आईच्या हातात दिलं. मी बायकांना ताकीद दिली होती, गोंगाट करायचा नाही, बाळ घाबरेल. अंगणात ऐंशी-नव्वद बायका उभ्या होत्या आणि खरोखर चिडीचूप. परास्किवा त्यांच्यामधून चालत मागच्या पाच खोल्यांकडे गेली. दार लागल्यावर मात्र कुणालाच राहवलं नाही, आणि तो आकडा असा दुमदुमला की रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर थांबला. झाम्फिराने बाळाच्या मनगटाला लाल दोरा बांधला, एवढ्या जणींच्या नजरा लागल्या म्हणून.

तिथे दोघींचे पुढचे महिने गेले. सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात खोल्या तापायच्या, एकदा बाळाला न्यूमोनिया झाला, परास्किवाने एका पहारेकरणीशी भांडून आठवडाभर फोन गमावला. आणि बाळ जसं मोठं होत गेलं तशी तिची झोप उडत गेली, कारण वर्ष संपत येत होतं. नाताळानंतर तिचं प्रकरण लवकर सुटकेच्या समितीपुढे आलं. मी लिहून दिलं, ओतिलियानेही दिलं. शिवणखात्याने लिहिलं की ही बाई उत्तम चादरी शिवते. पंधरा जानेवारीला सुटकेचा निकाल लागला. स्मारांदा तेव्हा अकरा महिन्यांची होती आणि पलंगाचा दांडा धरून उभी राहायची.

सुटायच्या आदल्या दिवशी परास्किवाने आईला फोन केला. मी शेजारी होते. ती एवढंच म्हणाली, "उद्या सुटतेय. घरी येत नाही, काळजी करू नकोस. शहरात शिवणकामाची नोकरी बघितलीये सिस्टरने, खोलीही आहे." पलीकडून फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं तेव्हा पलीकडे बर्फात एक म्हातारी उभी होती. डोक्याला काळा रुमाल, हातात विणलेली पिशवी. रात्रभर आगगाडीत बसून आली होती. परास्किवा जागच्या जागी थबकली.

"पोचायला उशीर होईल वाटलं," म्हातारी म्हणाली. तिची नजर मुलीकडे नव्हती, नातीकडे होती. "मक्याची मामालिगा खाते का?"

"सगळं खाते."

"दात किती?"

"सहा."

"आण इकडे. तुझे हात गारठलेत."

आजीने नातीला घेतलं, कोटाच्या आत छातीशी धरलं, आणि बसथांब्याकडे चालू लागली. पोरगी आजीच्या खांद्यावरून मागे बघत होती. परास्किवा तिथेच उभी. साडेनऊ महिने ज्या हातांत बाळ होतं त्या हातांचं काय करावं तेच तिला कळेना. मग तिने वाकून आपली बॅग उचलली, आणि त्यांना गाठायला भराभर चालत गेली.